आवाज बंद करून गाणं बघणारी पार्वतीकाकी

दोन हजार सातच्या सुमारास भिवंडीच्या नारपोलीत पक्की बातमी होती, की पार्वतीकाकीचा भाचा टीव्हीच्या ऑफिसात कामाला आहे आणि ‘स्वरसिंहासन’मधून या आठवड्यात कोण घरी जाणार, ते तो तिला आधीच फोन करून सांगतो. त्याशिवाय का बाई दर शनिवारी निकालाआधी नेमकं नाव सांगते?

बातमी साफ खोटी. काकीच्या अख्ख्या गोतावळ्यात टीव्हीशी संबंध आलेला माणूस एकच, केबलवाला दौलत, आणि तोही शिडीपुरता.

खरी गोष्ट अशी. काकीचं घर वरच्या मजल्यावर आणि खाली त्यांचाच आठ लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, गाळा. लूम चालू असले की मांडणीवरची भांडीसुद्धा ताल धरत. त्या गाळ्यात काकीने वीस वर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. तिथे ओरडून उपयोग नसतो. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं आणि काय ते समजायचं. त्यामुळे टीव्हीचा आवाज येत नाही ही तक्रार तिने कधी केलीच नाही. टीव्ही असाच बघतात, अशी तिची समजूत होती. आणि कुणी गात असताना कॅमेरा परीक्षकांवर गेला, की ते एकमेकांच्या कानाशी जे पुटपुटत ते काकीला स्वच्छ कळे. ‘याचा सूर गेला.’ ‘ही काय टिकत नाही.’ ‘माझी गाडी लावायला सांग.’

गाण्यापेक्षा तिला चेहऱ्यांचं वेड. हरलेला दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवताना किती दात दाखवतो, हे ती मोजून सांगायची.

यजमान केसरीनाथकाकांना मात्र हा कार्यक्रम डोळ्यांसमोर नको. “गाना दोन मिनटांचा न रडना वीस मिनटांचा. पोर रडतंय, त्याची आई रडतंय, ती माईकवाली पन रडतंय. मयताला बसल्यावानी वाटतंय मना.”

“न तुमच्या बातम्यांत कोन हसतंय?” काकी टीव्हीवरून नजर न काढता म्हणायची.

शेवटी काका इरेला पेटले. “फायनलला जिंकनाऱ्याचा नाव आधी सांग. बरोबर आला तं केबल राहील. चुकला तं दौलत येऊन वायर काढंल. मंग बघ भिंतीकडं.”

काकी हो म्हणून बसली आणि मग तिच्या ध्यानात आलं, फायनल शनिवारी नाही, शुक्रवारी आहे. शुक्रवारी लूमना सुट्टी. सगळीकडे सामसूम, टीव्हीचा आवाज खणखणीत, आणि त्या ढोल-टाळ्यांत काकीचं डोकंच चालत नसे. कान मध्ये यायचे. एरवीही कधी निकाल शुक्रवारी लागला, तर तिचं नाव हटकून चुकायचं. काकांना हे पुरतं ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. काकांनी दौलतला आधीच बोलावलेलं. तो शिडी भिंतीला टेकवून दारात बसला होता. शेवटचे दोघे उरले होते, मृणाली आणि सुमित. सुमितने अशी तान घेतली, की समोरच्या घरातून आलेल्या प्रस्तुत लेखकाने जागेवरच तिची नक्कल करून दाखवली. प्रस्तुत लेखक दहावीत होता आणि आपल्या कानाइतका कान भिवंडीत दुसरा नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

“काकी, सुमित. लाव पैज.”

“लाव. हरलास तं मी सांगीन ते करायचा.”

पण काकीला काही दिसेना. परीक्षकांकडे बघावं तर ढोल वाजे, ओठांवर नजर ठेवावी तर निवेदिका किंचाळे. ती पदराने कपाळ पुसू लागली. काका पायावर पाय टाकून बसले.

“दौलत, पक्कड आनलीस ना?”

“हाय ना काका.”

तेवढ्यात काकीने रिमोट उचलला आणि आवाज पूर्ण बंद केला.

“गान्याच्या फायनलला आवाज बंद?” काका म्हणाले. “डोक्यावर परिनाम झाला काय गो?”

“मनाच नाव सांगायचा हाय ना? मंग गप बसा जरा.”

पडद्यावर सुमित हात जोडून उभा होता. कॅमेरा परीक्षकांवरून फिरला. पांढऱ्या केसांच्या परीक्षकाने सुमितकडे बघितलं आणि शेजारणीकडे किंचित वाकून काहीतरी म्हटलं.

“मृणाली,” काकी म्हणाली आणि रिमोट मांडीवर ठेवला.

“कशावरून?” काकांनी विचारलं.

“म्हातारा त्याच्याकडं बघून ‘बिचारा’ बोलला. जिंकनाऱ्याला कोन बिचारा बोलतंय?”

मग काकांनी आवाज परत लावला, तीन वेळा जाहिराती झाल्या, दोन्ही आया रडून झाल्या, एका मामालाही रडून घ्यायची संधी मिळाली, पांढऱ्या केसांच्या परीक्षकाने वाक्यावाक्याला ‘बेटा’ म्हणत निकालाचं भाषण केलं, आणि मग जिंकली मृणाली.

“दौलत, चहा पिऊन जा,” काका म्हणाले. “न ती शिडी घेऊन जा.”

दुसऱ्या दिवशी आठही लूम धडधडत असताना पैज हरलेल्या प्रस्तुत लेखकाला गाळ्याच्या मधोमध उभं राहून त्या पांढऱ्या केसांच्या परीक्षकाचं निकालाचं अख्खं भाषण करावं लागलं, नुसत्या ओठांनी, आवाज न काढता. काकी दारातून वाचत होती. तिने दोनदा पहिल्यापासून करायला लावलं, कारण दोन्ही वेळा त्याने ‘बेटा’ हा शब्द खाल्ला होता.