माहे झाडं कुठं नेऊ?

बाबांची होडी वाचवली ती नरखेडकडच्या एका संत्राबागेच्या मालकिणीनं. सातवीत शाळा सुटलेली मी मालवणहून येऊन नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात सफाईला होते. तिचा नवरा तिथं भरती होता.

बाबांच्या होडीचं ऐकून, अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवत ती म्हणाली, “पाऊस सरला तरी उकडूनच राहिलं वं. अशा साली समुद्रात वादळ उठतेच, अन् इकडं आमचे संत्रे गळते. बापाले फोन कर, होडी वर ओढा म्हणा.” मग हसली. “होडी ओढता येते. माहे झाडं कुठं नेऊ?”

बाबांनी होडी ओढली. वादळ आलं, नागपुरातही पाऊस कोसळला. सांगायला धावले, तर खाट रिकामी; सुट्टी होऊन दोघं गावी गेलेली. नाव-गाव विचारायचं राहूनच गेलं.

नरखेडकडची गावं पालथी घालीन, पण एकदा तिच्या बागेत तोडणीला उभी राहीन.