सालोमीच्या नावावर एक अलर्ट

सालोमी तुस्कानो आमच्या ऑफिसात आली तेव्हा तिला सर्व्हर म्हणजे काय हे माहीत नव्हतं. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. वय बावन्न. त्याआधी सातिवलीतल्याच एका रंगाच्या कारखान्यात टेलिफोनवर बसायची. कारखाना बंद पडला आणि आमचे मालक परेश सर यांनी तिला आमच्याकडे घेतलं. तोपर्यंत मी तिथे आठ वर्षं काढली होती, नालासोपाऱ्याहून रोज दोन रिक्षा बदलून. मला वाटलं, येणारे फोन वगैरे बघायला घेतली असेल. तर सरांनी तिला थेट माझ्या शेजारची खुर्ची दिली.

आमचं काम राखणदारीचं. खरी मशीनं दूर नवी मुंबईत आहेत, आम्ही इथे गाळ्याच्या माळ्यावर बसून स्क्रीनवर त्यांच्याकडे डोळे लावून असतो. एकेका खऱ्या मशीनच्या पोटात पंधरा-वीस आभासी मशीनं. आमच्या नालासोपाऱ्यात एकाच खोलीत पडदे लावून चार भाडेकरू राहतात ना, तसं. प्रत्येकाला वाटतं घर आपलं, पण नळ एकच. एकाने नळ सोडून ठेवला की बाकीच्यांचे हंडे कोरडे. म्हणून कुठल्या मशीनने किती नेट वापरायचं त्याची लिमिट ठरलेली असते. ती ओलांडली की स्क्रीनवर ओळ लाल होते आणि ते मशीन ज्याच्या नावावर, त्याचा मोबाइल थरथरतो. त्याने अलर्ट उघडायचा, 'घेतला' हे बटण दाबायचं आणि कारण शोधायचं. वीस मिनिटांत कुणीच घेतला नाही, तर सिस्टीम आपणहून त्या मशीनचं नेट तासाभरासाठी आवळते. हा वीस मिनिटांचा नियम मी लिहिलेला आहे. ऑफिसात माझं म्हणून काही असेल तर ते एवढंच.

आणि सालोमी? तिची पद्धत म्हणजे टेलिफोन. ओळ लाल झाली की मी आकडे उघडायचे, कुठून किती नेट येतंय, कुठे जातंय, कुणी बाहेरून घुसलंय का, सगळं बघायचे. ही बाई रिसीव्हर उचलायची. "हां, सालोमी बोलते. काय आहे ओ आज तुमच्याकडे?" एकदा एका शाळेच्या मशीनवर मी अडीच तास घालवले. हल्ला झालाय अशी माझी खात्रीच पटली होती. मी सरांना तसं लिहूनही दिलं. सालोमी जेवून आली, शाळेत फोन लावला आणि डबा धुता धुता म्हणाली, "अगं, गॅदरिंगचा व्हिडिओ टाकलाय त्यांनी. सगळ्या आया बघतायत." सर हसले. सगळेच हसले. मीही हसले, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तिचं सगळंच असं. भिंतीवरच्या फळ्यावर दर महिन्याला कुणाचे किती अलर्ट चुकले ते लिहायचे. तिच्या नावापुढे तीन वर्षं शून्य. गिऱ्हाइकांचे फोन यायचे तेही तिलाच, "सालोमीबाय आहेत का?" म्हणून. मी उचलला तर "बरं, मग नंतर करतो". डिप्लोमा माझा, परीक्षा मी दिल्या, आणि लोकांना हवी ही. वाघोलीला तिची वाडी आहे. डिसेंबरात सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी आणायची, केळीच्याच पानात बांधून. मी ती खायचे आणि खाताना मनात म्हणायचे, हिच्या वाडीत केळीसुद्धा कशी गोड लागतात. मला लाज वाटायची असं नाही. जळफळाटाला लाज नसते, तो फक्त बोटं मोजत बसतो.

यंदा सरांनी जाहीर केलं की शिफ्टला इनचार्ज नेमायचा. उमेदवार दोघी, ती आणि मी. मार्चअखेरपर्यंत जिचे अलर्ट कमी चुकतील ती, बरोबरी झाली तर जी जुनी ती. माझा एक चुकला होता, माझ्या मुलाला डेंग्यू झाला त्या आठवड्यातला. तिचा अर्थात एकही नाही. अकरा वर्षांनी मी एका टेलिफोनवालीच्या हाताखाली काम करणार हे उघड दिसत होतं. घरी नवरा म्हणाला, "करू दे ना तिला, तुला काय फरक पडतो?" त्या दिवशी मी त्याच्याशीही धड बोलले नाही.

मार्चचे चार दिवस उरले असताना सकाळी सालोमीचा फोन आला. आवाज बसलेला होता. "हेमांगी, मी नाय येत आज. मयत आहे आमच्याकडे. चारची मिस्सा आहे, मग माती. चर्चच्या मशीनवर गर्दी होईल बघ, बाहेरची पोरं सगळी बघणार. लाल झालं की घे आणि लिमिट वाढव. बघशील ना?"

"बघते," मी म्हटलं.

तिच्या गावातल्या चर्चचं एक मशीन तिच्या नावावर होतं. मिस्सा म्हणजे चर्चमधली प्रार्थना, लग्नं, मयती, सगळं त्यावरून थेट दिसायचं, कारण अर्धं गाव कॅनडा नाहीतर आखातात. मयतीला तर ती नेहमीच जायची, कुणाचीही असो. हिच्या गावात रोज कुणी ना कुणी जातंच, असं मी मनात म्हटलं आणि फोन ठेवला. कोण गेलं ते विचारलं नाही. आणि माझ्या लक्षात आलं की तिने नुसतं तोंडी सांगितलंय. मशीन दुसऱ्याकडे सोपवायचं तर सिस्टीममध्ये तशी नोंद करावी लागते. तिने केली नव्हती. कागदोपत्री ते मशीन तिच्याच नावावर होतं.

चार वाजून सहा मिनिटांनी ओळ लाल झाली.

अकरा वर्षांची सवय, हात आपोआप गेला आणि मी अलर्ट उघडला. गर्दी नेहमीच्या मयतीच्या तिप्पट होती. 'घेतला' बटण समोर होतं. लिमिट वाढवायला दहा सेकंदसुद्धा लागली नसती. मी बटण दाबलं नाही. सर गिऱ्हाइकाकडे गेले होते, ऑफिसात मी एकटी. मी उठून चहा ओतून घेतला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पंधराव्या मिनिटाला मी स्वतःला समजावलं की नेट आवळलं तर चित्र जरा अडखळेल, दुसरं काय होणार, मेलेला माणूस काही परत मरत नाही. असा विचार मी केला, शब्दन् शब्द, आणि तो आज जसाच्या तसा सांगते आहे. चार वाजून सव्वीस मिनिटांनी ओळ लालची राखाडी झाली. माझ्याच नियमाने नेट आवळलं होतं आणि सालोमीच्या नावावर पहिला चुकलेला अलर्ट चढला होता, एकास एक. मला आनंद झाला. चहा गार झाला होता, तरी गोड लागला.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "सालोमीची मोठी बहीण गेली, हेलनबाय. शाळेत शिक्षिका होत्या, आईच्या मागे हिला त्यांनीच वाढवलं." मी स्क्रीनकडे बघत राहिले. सर पुढे सांगत होते, की हेलनबायला एकच मुलगी, एलिना, कॅनडात नर्स. आठवा महिना, म्हणून विमानात बसता आलं नाही. तिकडे सकाळी साडेसहाला उठून लॅपटॉपसमोर बसली होती. प्रवचन सुरू झालं तेवढ्यात चित्र गेलं. परत आलं तेव्हा माती देऊन लोक घरी निघालेले. "आपलंच मशीन," सर म्हणाले. "नेमकं सालोमीच्याच नावावर. बिचारीला त्या दिवशी मोबाइल कुठून बघायला होणार."

त्या वेळी मी बोलू शकले असते. अलर्ट फळ्यावर लिहू नका, मयत तिच्या घरची होती, एवढंही म्हणू शकले असते. मी म्हटलं, "वाईट झालं."

सरांना नियमाला अपवाद करायचा नव्हता असं नाही. पण सालोमीने स्वतःच त्यांना फोनवर सांगितलं की चूक तिची, नोंद तिने करायला हवी होती, आणि तसंही तिला आता इनचार्ज वगैरे काही नको. म्हणून मग उरले कोण? मी. एक तारखेला सरांनी पेढे वाटले. माझ्या टेबलावर नावाची पाटी आली. मी पाटीचा फोटो काढून माहेरी पाठवला, एवढंच. तेसुद्धा कबुली म्हणून सांगत नाही, झालं ते झालं.

सालोमी आठव्या दिवशी कामावर आली, काळ्या कुर्त्यात, निम्मी झालेली. पहिल्यांदा माझ्याकडे आली, माझा हात हातात घेतला. "बरं झालं. तुझा हक्क होता तो," म्हणाली. ती हे मनापासून म्हणाली आणि मला तेही खुपलं. मोठेपणाही हिच्याकडेच.

दिवसभर ती शांतपणे मागचे अलर्ट चाळत होती. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिने आपला स्क्रीन माझ्याकडे वळवला. त्या दिवसाची नोंद होती. अलर्ट आला, चार वाजून सहा मिनिटं. त्याखाली, उघडला, चार सात, हेमांगी. त्याखाली काहीच नाही, आणि मग नेट आवळल्याची वेळ. अलर्ट नुसता उघडला तरी नाव उठतं हे मला माहीत होतं. त्या दिवशी कसं आठवलं नाही, कोण जाणे.

"तुला मी सांगितलं होतं," सालोमी म्हणाली.

"हो."

"घाईत होतीस का?"

तिने मला वाट करून दिली होती. हो म्हटलं असतं तर तिने ते मानलं असतं, माझी खात्री आहे. मी म्हटलं, "नाही."

ती रागावली असती, चार लोकांत माझी अब्रू काढली असती, तर मला बरं वाटलं असतं. तिने रिसीव्हर उचलला, लांबलचक नंबर फिरवला. "एलिना रोज विचारते," ती म्हणाली. "मावशे, आईच्या वेळीच कसं बंद पडलं, म्हणून. मी सांगते, मशीन आहे, होतं कधी कधी. आता मला ते सांगवणार नाय. तू सांग."

रिसीव्हर तिने माझ्या हातात दिला. पलीकडे घंटा वाजत होती. तिकडे सकाळ असणार. मी ठेवून देऊ शकले असते, मी आता तिची इनचार्ज होते.

"हां, मावशे," एक दमलेला आवाज आला.

"मावशी नाही," मी म्हटलं. "मी हेमांगी, त्यांच्या ऑफिसातली. त्या दिवशी चर्चचं मशीन मी बघत होते. ते बिघडलं नव्हतं. मला बंद होताना दिसत होतं आणि मी होऊ दिलं."

पलीकडे मागे कुठेतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"का?" तिने विचारलं. रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखं.

मी सालोमीकडे पाहिलं. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. माझ्याकडे कारणं पुष्कळ होती, अकरा वर्षांची साठवलेली, आणि त्यातलं एकही त्या पोरीसमोर उभं राहील असं नव्हतं.

"मला इनचार्ज व्हायचं होतं," मी म्हणाले.

तिने फोन ठेवला नाही. नुसती रडत राहिली, आणि रिसीव्हर माझ्या हातातून घ्यायला सालोमी काही वळली नाही.