अर्थिंगचं मीठ

माझ्या नवऱ्याचा गुडघा लढाईत गेला, असं गावात सगळे सांगायचे. खरं म्हणजे पलटणीचा ट्रक घाटात कलंडला तेव्हा तो गेला, आणि तोवर लढाई संपून दोन वर्षं झाली होती. मी मात्र कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. लंगडत घरी आलेल्या माणसाला तेवढा मान मिळत असेल तर मिळू दे, असं मला वाटायचं.

सांगलीला विश्रामबागेत एक डॉक्टर होते. ते म्हणाले, रोज अर्धा तास कोमट पाण्यात बसून पाय हलवला, तर वर्षभरात गुडघा वाकेल; नाहीतर पाय जन्मभर काठीसारखा ताठ राहील. त्यांच्या दवाखान्यात विजेवर पाणी तापवायचा मोठा टब होता. पण इस्लामपूरजवळच्या आमच्या खेड्यातून ताठ पाय घेऊन रोज एस.टी.नं सांगली गाठणं शक्य नव्हतं. बंबातून एका वेळी दोन बादल्या निघायच्या, आणि बसण्याएवढं पाणी साठेपर्यंत पहिल्या बादल्या गार व्हायच्या. शेवटी यांनी न्हाणीतच सिमेंटचा हौद बांधला आणि त्याला विजेचा हीटर बसवायचं ठरवलं.

तोवर आमच्या घरात तीन बल्ब होते. ओल्या हातानं बटण दाबू नये, एवढंच आमचं विजेचं ज्ञान. म्हणून इस्लामपूरहून वायरमन आला, तेव्हा मी दाराआड उभी राहून त्याचं सगळं बोलणं कान देऊन ऐकलं. पोरसवदा दिसायचा, पण खिशात सरकारी परवाना होता आणि तो कुणालाही दाखवायला एका पायावर तयार.

"स्विच न्हाणीच्या भाईर," तो म्हणाला. "पाण्यात बसल्याल्या मानसाचा हात पोचंल तितं काय बी लावायचं न्हाई. हीटरला मीटरपासनं येगळी वायर. आन् मानूस पाण्यात उतरायच्या आदी स्विच बंद. ह्ये मी माझ्या मनाचं सांगत न्हाई, नियम हाय."

मग त्यानं परसात पुरुषभर खड्डा घेतला. मधोमध लोखंडी नळ उभा केला आणि भोवती कोळशाचा एक थर, खडेमिठाचा एक थर, असं करत खड्डा भरला. हीटर फुटून पाण्यात करंट उतरलाच, तर त्यानं जाड वायरनं या नळाकडे यायचं आणि जमिनीत निघून जायचं. त्याला म्हणतात अर्थिंग. आठ दिवसांनी तपासायला येतो, असं सांगून तो गेला.

माझे सासरे हे सगळं गोठ्याच्या दारात बसून बघत होते. मामंजींना विजेचं काही नव्हतं, मिठाचं होतं. उसाला पाणी पाजून पाजून आमच्या खालच्या रानात मीठ फुटलं होतं. पांढरीफटक जमीन, तिथं लव्हाळाही धड उगवत नव्हता. त्या रानाच्या बांधावर जाऊन ते नुसते उभे राहायचे. अशा माणसाच्या डोळ्यांदेखत कुणी परक्यानं येऊन त्याच्या परसात मीठ पुरलं होतं.

तिसऱ्या दिवशी फटफटताना मी शेण काढायला गेले, तर मामंजी छातीएवढ्या खड्ड्यात उभे. मिठाची घमेली वर काढून ठेवली होती आणि बाजूला भरायला कोरडा मुरूम आणलेला.

"तू काय बघितलं न्हाईस," ते म्हणाले.

मी मान हलवली. सासऱ्यापुढे तोंड उघडायची आमच्याकडे रीत नव्हती, हे तर खरंच. पण एवढ्या वायरींच्या कारभारात चार घमेली मिठावाचून काय अडणार, असंही मला वाटलं. स्वतःला मी फार शहाणी समजायचे.

आठव्या दिवशी दुपारी वायरमन आला. दोन वायरी जोडलेला एक बल्ब त्यानं पिशवीतून काढला आणि बोर्डाला लावून दाखवला. लख्ख पेटला. मग एक वायर तिथंच ठेवून दुसरी त्यानं खड्ड्याच्या नळाकडून आलेल्या वायरीला टेकवली. बल्बाची तार विझत्या विडीसारखी नुसती तांबूस झाली.

"खड्डा कुनी उकरला?" त्यानं विचारलं.

मामंजी गोठ्याकडे बघायला लागले. हे कॉटवर पाय लांब करून बसले होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"आवं, ही चेष्टा न्हाई," वायरमन म्हणाला. "करंटला मातीत वाट घावली न्हाई, तर त्यो पाण्यातल्या मानसातनं वाट काढील."

पदर सावरून मी दाराबाहेर आले आणि परक्या माणसापुढे, सासऱ्यांच्या समोर बोलले, "त्यातलं मीठ काढलंय."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. आता काय ऐकावं लागतंय, म्हणून मी अंग चोरून उभी राहिले.

"म्या काढलं," ते वायरमनला म्हणाले आणि कुदळ घ्यायला गेले.

खड्डा त्यांनी एकट्यानं उकरला, कुणाला हात लावू दिला नाही. गोठ्यात लपवलेली मिठाची घमेली स्वतः आणून दिली. थर भरले, वर बादल्यांनी पाणी ओतलं. ऊन कललं तेव्हा वायरमननं बल्बची वायर पुन्हा त्या वायरीला टेकवली, आणि बल्ब लख्ख पेटला. एक वायर खांबावरून आलेली, दुसरी नुसती आमच्या परसातल्या मातीत गेलेली, आणि मध्ये उजेड. माझ्या अंगावर काटा आला. ज्या जमिनीवर मी सडा टाकायचे, शेणी थापायचे, ती वीज पिऊ शकते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मामंजी खाली वाकून मातीला हात लावून बघत होते. गरम झाली का, ते बघत असावेत.

पुढच्या आठवड्यात वीज बोर्डाचा माणूस आला. त्यानं सोबत आणलेल्या तपासणीच्या पेटीचं हँडल फिरवून काटा बघितला, कागदावर सही केली. त्याच सकाळी वायरमननं हौदाचा हीटर लावला. जाळ नाही, धूर नाही, आणि पाण्यातून वाफ निघायला लागली. मी हरखून बघतच राहिले. वायरमननं स्विच बंद केला, बोट घालून पाणी बघितलं आणि यांना म्हणाला, "उतरा आता. करंट न्हाई."

हे भिंत धरून उठले, तेवढ्यात मामंजी आडवे आले.

"जाळ काढला म्हून पानी लगीच गार हुतंय का?" त्यांनी वायरमनला विचारलं. "ऊब मागं ऱ्हाती. मग करंट मागं ऱ्हात न्हाई कशावरनं?"

वायरमननं त्यांना परोपरीनं समजावलं. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं आणि पटका उतरवून माझ्या हातात दिला. मग धोतरासकट ते हौदात उतरले आणि डोळे घट्ट मिटून गळ्यापर्यंत पाण्यात बसले. आम्ही तिघं काठाशी उभे. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, आणि बाहेर न येताच लेकाला हात दिला.

"ये," ते म्हणाले. "काय हुईत न्हाई."