डोक्यावरची कोंबडी

"आधी मला सांगा, कोण बघतंय? बघतंय कोण?"

"ताई, मी फक्त नळाचं..."

"नळाचं काय? नळ बघायला नेट लागतं? स्वयंपाकघरात जा, फुकट दिसतो!"

"अगं, वायसर कसा बदलायचा ते दाखवतायत. म्हणजे दाखवणार होते. मघापासून तो माणूस पाना हातात घेऊन नुसता उभा आहे."

"तो उभा आहे म्हणून माझी गाडी उभी आहे! बंद कर त्याला!"

माझा नवरा फोन छातीशी धरून सोफ्यात आणखी खाली सरकला. दारात त्याची थोरली बहीण, म्हणजे माझ्या नणंदबाई, उभ्या होत्या. गळ्यात मापाची टेप, कपाळावर चढवलेला चष्मा आणि दोन्ही हातांत आडवा धरलेला टॅब. काठोकाठ भरलेलं पातेलं आणावं तसा त्यांनी तो बाहेरच्या खोलीतून आणला होता, जणू हिंदकळला तर सांडेल.

"ताई, हळू," मी म्हटलं.

"हळूच चाललंय सगळं! तेच तर सांगतेय!"

मी वाकून बघितलं. वाळवंटात मालानं लादलेली एक गाडी थांबली होती आणि तिच्या पुढ्यात शिरस्त्राण घातलेली एक बाई खडकाला नाक लावून जागच्या जागी धावत होती. ती बाई म्हणजे आमच्या नणंदबाई. एवढ्यात चित्र एकदम पुढे उडालं. माल गेलेला, लुटारू पसार, गाडी उताणी. आणि शिरस्त्राणावर फडफड करत एक पांढरी, लठ्ठ कोंबडी येऊन बसली.

"बसली," नणंदबाई म्हणाल्या. "परत बसली."

कोपऱ्यातल्या पलंगावरून सासूबाईंनी व्हिडिओ कॉल चालू असलेला त्यांचा फोन उंच धरून दाखवला. "माझी बहीण बघा गं कुणीतरी. कधीची जांभई देतेय. तोंडच मिटेना तिचं."

"आई, तूसुद्धा!" नणंदबाई म्हणाल्या आणि पाय आपटत दुकानात निघून गेल्या.

दुकान म्हणजे आमची बाहेरची खोली. दोन मशिनं, एक उंच टेबल, आरसा आणि पडद्यामागे कपडे घालून बघायची जागा. पन्नाशी ओलांडलेल्या नणंदबाईंनी त्या खोलीत निम्म्या गावाचे कपडे शिवलेत. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं, तर "मापात बसणारा मिळाला नाही" एवढंच सांगून कात्री उचलतात, आणि कात्री उचलल्यावर पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

स्वतःची चूक त्यांनी आजवर कबूल केल्याचं मला आठवत नाही. बाही घट्ट झाली अशी तक्रार घेऊन एखादी बाई आली, की तिला आरशासमोर उभी करून, मागे दोन पावलं सरून, त्या प्रेमानं म्हणतात, "तब्येत छान सुधारलीय हं तुमची." बाई गप्प होते आणि बाही सैल करून घ्यायचे वेगळे पैसे देऊन जाते.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे झाकणं. घरात काही उघडं दिसलं की त्यालाच थंडी वाजत असेल असं त्यांना वाटतं. मिक्सरला झगा, टीव्हीच्या रिमोटला बंडी, धुलाई मशीनला घेरदार घागरा. गेल्या साफसफाईत त्यांची नजर कपाटावरच्या नेटच्या डब्यावर गेली. "धूळ खातोय बिचारा," म्हणून त्यांनी त्यालाही जाकीट शिवलं. वरून निळी फुलं, कडेला गोट, तारांसाठी काजं केलेली भोकं. आतून अस्तर हवं, म्हणून लाँड्रीवाल्यांच्या इस्त्रीच्या टेबलांची कव्हरं शिवून उरलेलं चकचकीत चंदेरी कापड लावलं. इतकं नेटकं बसलं की शेजारीण बघायला आली होती.

खेळाचं वेड मात्र अलीकडचं. पाय मोडून प्लास्टरमध्ये होता तेव्हा मशीन चालवता येईना आणि बसल्या जागेवरून त्या घर चालवू लागल्या. ते आम्हाला झेपेना. शेवटी नोकरीसाठी दुसरीकडे राहणारी माझी लेक सुट्टीला आली आणि तिनं आत्याच्या हातात टॅब ठेवला. पाच जणांचा एक चमू, मालाची गाडी वाळवंटापार न्यायची, समोरचे पाच जण लुटायला टपलेले. प्लास्टर निघालं तोवर नणंदबाई गाडी हाकू लागल्या होत्या आणि चमूच्या प्रमुख झाल्या होत्या. बाकीचे चौघे त्यांना 'मास्तर' म्हणतात. त्यांत एक दातांचा डॉक्टर आहे, एक नुकतं लग्न झालेलं जोडपं आहे आणि एक बसवाला होता. होता म्हणायचं कारण पुढे येईलच.

मी स्वयंपाकघरातून ऐकायची. "डावीकडे झोळ पडलाय, डॉक्टर, ओढून घ्या! नवरा-बायकोंनो, टाका सोडू नका, लागून लागून चला! थांबा... थांबा... निघा!" त्या 'निघा'वर चौघेजण चार ठिकाणांहून निघायचे. घरात त्यांना कोण काय विचारतं? "ताई, जरा उसवलंय." "ताई, बटण तुटलंय." तिथे मात्र चार शहाणी माणसं श्वास रोखून त्यांच्या एका शब्दासाठी थांबायची. त्या दिवसांत त्यांच्या पाठीचा बाकसुद्धा कमी झाल्यासारखा वाटायचा.

मग खेळ काढणाऱ्या कंपनीनं अपडेट आणलं. पूर्वी फाटक उघडायचं बटण एका टोकाला आणि गाडी सोडून पळायचं दुसऱ्या टोकाला होतं. आता दोन्ही शेजारी शेजारी, एकाच रंगाची. "हे कुणी बेतलं?" नणंदबाई जेवताना विचारायच्या. "बेतणाऱ्यानं एकदा तरी स्वतः घालून बघितलं का?" वर नवा नियम असा की, खेळताना कुणी मध्येच गोठून उभा राहिला तर तो घाबरून पळाला असं धरायचं आणि त्याच्या डोक्यावर कोंबडी बसवायची. ती पुढच्या डावातही उतरत नाही. गाडी हाकणाऱ्याच्या डोक्यावर बसली तर अख्ख्या चमूचे गुण जातात.

आणि नेमकं तेव्हापासूनच त्यांचं गोठणं सुरू झालं. माझी लेक फोनवर म्हणाली, "आत्या, लॅग असेल. नेट हळू असलं की होतं."

"मी गोठते आणि पळपुटी ठरते? दुकानातली वीज गेली तर गिऱ्हाइकानं माझ्या डोक्यावर कोंबडं बसवायचं का?"

त्यांनी कंपनीला तक्रार लिहिली, दोन्ही बटणांचं चित्र काढून. उत्तर आलं: प्रिय खेळाडू, आपल्या उत्साहाबद्दल मनःपूर्वक आभार. ते त्यांनी आम्हाला चष्मा लावून वाचून दाखवलं. "मी म्हणतेय कमरेत आवळतंय, हे म्हणतायत आपल्या उत्साहाबद्दल आभार. अशी उत्तरं मी दिली असती तर मला जेवायला मिळालं असतं का?"

तब्येत सुधारल्याचं मी बोलले नाही. मला त्यांच्याकडून अजून दोन कुर्ते शिवून घ्यायचे होते.

आता बसवाला. बिचारा आगाराच्या विश्रांतीच्या खोलीतून खेळायचा आणि तिथे नेट अर्धवटच पोचायचं. त्याच्या डोक्यावर कोंबडी बसली तेव्हा तो अजिजीनं म्हणाला, "मास्तर, इथल्या भिंतीच जाड आहेत हो."

"भिंतींना नावं ठेवू नका. ज्याला वेळेवर निघता येत नाही, त्यानं गाडीत बसू नये," असं म्हणून नणंदबाईंनी त्याला चमूतून काढलं. बस चालवणाऱ्याला असं बोलणं जरा जास्तच झालं, असं मला वाटलं होतं. "बरं, मास्तर," म्हणाला आणि गेला. तेव्हापासून चमूत चौघंच उरले.

नळाच्या भांडणानंतर डॉक्टरचा निरोप आला. मी भाजी चिरत होते. नणंदबाईंनी माझ्याशेजारी उभं राहून सपाट आवाजात वाचला. मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. पण पुढच्या रविवारी मोठा सामना आहे. त्यात कोंबडी बसली तर गाडी दुसऱ्या कुणाकडे द्यावी, असं सगळ्यांचं मत पडलं.

त्यांनी टॅब त्याच्या पिशवीत घातला, पिशवीचं बटण लावलं. त्या संध्याकाळी मशिनाचा आवाज आला नाही. जेवताना नवऱ्यानं उगीच विचारलं, "ताई, माझ्या पँटची शिवण?" त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो ताटातलं मीठ चाखू लागला.

रविवारी दुपारी नणंदबाई बटणांचा मोठा पत्र्याचा डबा रिकामा करून घेऊन आल्या. "फोन," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं टाकला. मी टाकला. सासूबाईंनी फोन पदराखाली घेतला. "बहीण तिकडे वाट बघत असेल माझी."

"जांभई देत वाट बघेल. टाक, आई."

डब्याचं झाकण बंद झालं. लहानपणी गणिताच्या तासाला बसायचो तसे आम्ही तिघं बसलो. नवरा भिंतीकडे बघत होता. इतक्या वर्षांत तिचा रंग त्यानं पहिल्यांदाच बघितला असावा, कारण म्हणाला, "ही पिवळी कधी केली?" सासूबाई काही वेळ गप्प बसल्या. तो त्यांच्यासाठी फार मोठा वेळ होता.

आधी सरावाचा डाव होता, त्यातली कोंबडी सामन्यात धरत नाहीत. दुकानातून आवाज येत होता. "डॉक्टर, उजवीकडे... थांबा... अरे, अरे!" मग शांतता. मग नणंदबाई दारात.

"कोण?"

नवऱ्यानं दोन्ही हात वर केले. खरं सांगायचं तर त्याला आनंद लपवता येत नव्हता. "ताई, फोन तुझ्या डब्यात आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रिकामे तळहात दाखवले. त्यांनी फ्रिजकडे बघितलं.

"तो नेट खात नाही," नवरा म्हणाला.

नणंदबाईंचा चेहरा उतरलेला मी फार थोड्या वेळा बघितलाय. आजवर भाऊ होता, आई होती, नळवाला होता. आता रागवायला घरात कुणी उरलं नव्हतं. "मग कंपनीच," त्या पुटपुटल्या. "आता गाडी गेलीच म्हणायची." आणि परत दुकानात गेल्या.

मला दुकानात जाऊन त्यांच्याशेजारी बसावंसं वाटलं. पण हरताना बघितलेलं त्यांना खपलं नसतं. सासूबाई कंटाळून उठल्या. "मी चहा टाकते. तुम्ही भिंती बघा," म्हणाल्या. स्वयंपाकघरात खुडबुड झाली, त्या बाहेर येऊन कपाटापाशी घुटमळल्या, परत आत गेल्या.

आणि बाहेरच्या खोलीतून आवाज यायला लागले. "डावीकडून या! फाटक उघडलं! डॉक्टर, पाठ सांभाळा! लागून लागून... निघा! निघा, निघा, निघा!" मध्ये कुठे खंड नाही, शांतता नाही. मी आणि नवरा ऐकत राहिलो. नवऱ्याच्या मुठी आवळल्या होत्या. शेवटी टाळ्या ऐकू आल्या. डॉक्टरच्या, नवरा-बायकोच्या, आणि नणंदबाईंच्या स्वतःच्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा टेप गळ्यात हारासारखी होती. "बघितलंत? याला शिस्त म्हणतात. आता दर रविवारी फोन डब्यात."

"पण सरावाच्या वेळीही ते डब्यातच..." नवरा म्हणाला.

"तेव्हा झाकण नीट बसलं नव्हतं."

"म्हणजे?"

या 'म्हणजे'चं उत्तर यायच्या आत सासूबाई चहाची किटली घेऊन आल्या. किटलीनं जाकीट घातलं होतं. निळी फुलं, कडेला गोट. तारेच्या भोकातून तोटी बाहेर आली होती, अगदी मापात.

आम्ही तिघंही किटलीकडे बघत राहिलो.

"असं काय बघताय?" सासूबाई म्हणाल्या. "चहा लगेच गार होतो. म्हटलं काहीतरी गुंडाळावं. तो कपाटावरचा डबा केवढा तापला होता गं! पोराला ताप असला की आपण स्वेटर काढतो का घालतो?"

नवऱ्यानं जाकिटाची कड हळूच उलटली. चंदेरी अस्तर चकाकलं. त्यानं ते बोटानं वाजवून बघितलं. "ताई, हा तर पत्रा आहे जवळजवळ. यातून नेट बाहेर येणार कसं?"

नणंदबाईंनी किटलीचं जाकीट काढलं, स्टुलावर चढून नेटच्या डब्याला घातलं आणि टॅब बघितला. खडकाशी एक बाई जागच्या जागी धावत होती. त्यांनी जाकीट काढलं. बाई खडकाला वळसा घालून निघाली. त्यांनी परत घातलं. परत काढलं. बिचारी बाई तेवढ्यात दमली असेल.

नवऱ्याच्या तोंडून हसू निसटणार हे मला दिसलं. मी हळूच त्याच्या पायावर पाय दिला. नणंदबाई खाली उतरल्या, जाकीट किटलीला घातलं, गोट सरळ केला, आणि चहा न घेता दुकानात गेल्या. दार लोटलं गेलं.

दुकानात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज, नेहमीपेक्षा बराच खाली. "हो, मीच... नाही, कोंबडी नाही बसली... नाही हो, तुमच्या भिंती नाही म्हणत मी... अहो, ऐका तर." मग कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज.

दार उघडलं. बटणांचा डबा त्यांनी आमच्यासमोर ठेवला. झाकण काढलेलं होतं.

"आपापले फोन घ्या," त्या म्हणाल्या. "नेटचा डबा यापुढे उघडा राहील, त्यावरची धूळ मी पुसणार नाही. बसवाला परत येतोय. आगारात नेट येत नाही, म्हणून रविवारी दुपारी तो इथे, माझ्या दुकानात बसून खेळेल. गाडी तोच हाकणार. जेवायला एक ताट जास्त लागेल."