नदीचा ताप

काल सुनेनं भैरवगढची नवी चादर उलगडली आणि ओल्या रंगाचा तो तुरट वास आला. मी उठून कपाटातली जुनी वही काढली.

नवा मध्य प्रदेश झाला आणि सरकारी नोकरीतल्या बाबांची अमरावतीहून उज्जैनला बदली झाली. कॉलेजात मला एकही मैत्रीण नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत विज्ञानाच्या सरांनी काम दिलं. भैरवगढला रंगारी कापड धुतात, तिथून थोडं खाली रोज सकाळी क्षिप्रेच्या पाण्याचा रंग आणि तापमान लिहायचं. दिवसभरात घराबाहेरचं माझ्याशी बोलायचं ते एक म्हातारे रंगारीच. थर्मामीटर पाहून हसायचे, “बिटिया, आज नदी को कितना बुखार है?”

एकदा मलाच ताप आला. त्या दिवसाचा आकडा मी घरी बसून अंदाजानं भरला. सुट्टीच्या मध्येच सरांनी वही मागवून तपासली आणि चपराशाच्या हाती परत पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘चेष्टा जारी रखो.’

माझी चोरी पकडली गेली होती! मी त्यांची थट्टा करतेय, असंच सर म्हणत होते. मी वही मिटली ती मिटलीच. पुन्हा नदीवर गेले नाही. वर्गात मागच्या बाकावर खाली मान घालून बसू लागले.

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे कळलं तोवर सर बदलून गेले होते.

काल मी पहिल्यांदाच ते पान उलटलं. पुढचे जूनअखेरपर्यंतचे रकाने सरांनी माझ्यासाठी स्वतःच्या हातानं आखून ठेवले होते.