आ कर

माझ्या नाकावर राग असतो, हे घरात सगळ्यांनी मान्य केलं आहे. मुलगी तीन वर्षांची झाली आणि त्या रागाला डॉक्टरांचा कागद मिळाला. तिचे दोन दात किडलेले, अंगात रक्त कमी. डॉक्टरांनी यादीच लिहून दिली. चहा नको, पुडीतलं खारट-नारिंगी काही नको, गोळ्या-चॉकलेट कमी, आणि अख्खे शेंगदाणे-फुटाणे तर मुळीच नको, घशात अडकतात. मी ती यादी फ्रिजवर चिकटवली आणि घरची ठाणेदार झाले.

आम्ही अमरावतीत राहतो. नांदगाव पेठेतल्या एका कापडाच्या कारखान्यात मी कामगारांच्या हजेरीचं काम पाहते. दिवसभर मुलीला सांभाळायला सासरे अकोल्याहून, जुन्या शहरातलं घर बंद करून आमच्याकडे आले होते. तिथे गल्लीतल्या कुणाच्याही हातचा खाऊ लेकरांना चालायचा. इथे त्यांना सुनेचा कागद वाचावा लागला.

"चायमंदी बुडवून एक बिस्कुट देल्लं तं चालंल काय?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

तरी माझा विश्वास नव्हता. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की माझा पहिला शब्द, "आ कर." एकदा जीभ नारिंगी सापडली. शेजारच्या मुलांनी दिलं होतं काहीतरी. मी मुलीला असं फैलावर घेतलं की ती थरथरली. खरं म्हणजे ते सासऱ्यांनी ऐकावं म्हणून होतं. लेकी बोले सुने लागे, फक्त आमच्याकडे सुनेच्या जागी सासरे.

मग एका संध्याकाळी ते भाजायचे शेंगदाणे निवडत बसले होते. मी गाडी लावून आत आले तर मुलगी त्यांच्यासमोर उभी, गाल फुगलेले. हेल्मेट न काढताच मी ओरडले, "काय आहे तोंडात?"

ती दचकली, श्वास आत ओढला आणि आवाजच बंद झाला. ना खोकला, ना रडणं. ओठ निळे पडायला लागले. यादी तोंडपाठ असलेली मी नुसती उभी राहिले. सासऱ्यांनी तिला मांडीवर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर तळहाताने जोरात फटके दिले. चौथ्या फटक्याला दाणा फरशीवर पडला. मग ती रडली. तिचं रडणं मला इतकं हवंहवंसं कधीच वाटलं नव्हतं.

ती शांत झाल्यावर मी त्यांच्यावर उलटले. "बाबा, यादी वाचली होती ना तुम्ही?"

"म्या नाई देल्ले," ते हळू म्हणाले. "तिनं मूठभर उचलले होते. म्या म्हनलं, ठेव परत. तं ठेवून राहिली होती. तेवढ्यात तुह्या गाडीचा आवाज आला, अन् कोंबले तिनं तोंडात." मग फरशीवरचा दाणा उचलत म्हणाले, "तुले भेते ते."

मला खूप लाज वाटली. अजून वाटते.

यादी आजही फ्रिजवर आहे, तिच्यात चूक नव्हतीच. सासरे रागावून अकोल्याला निघून गेले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. 'आ कर' मी त्या दिवसापासून एकदाही म्हटलेलं नाही. पण संध्याकाळी गाडी लावली की मुलगी पळत दारात येते आणि माझं हेल्मेट निघायच्या आत आपणहून मोठा आ करते. जवळ घेतलं तरी, मी बघेपर्यंत तोंड मिटत नाही.