परक्या होडीवर

माझे बाबा मासेमारीच्या होडीवर तांडेल होते. समुद्रात त्यांचा शब्द शेवटचा. इस्पितळात मात्र नर्सने पाणी बंद केलं आणि त्यांनी पुन्हा मागितलं नाही. ओठ सुकून फुटले होते. ती बाहेर गेल्यावर मी चमचाभर पेज पुढे केली. त्यांनी तोंड फिरवलं.

"हंय तांडेल ती आसा गो. तिका इचारलंस?"

"नाय."

"मगे ठेव ता."

मी चमचा ठेवला. दुपारी डॉक्टर म्हणाले, घोटभर द्यायला हरकत नाही. तोवर बाबांची शुद्ध हरपली होती. ती परत आली नाही.

त्यांना नर्सची भीती नव्हती. ज्याच्या हाती माणसं सोपवलेली असतात, त्याचं ऐकायचं, एवढंच ते मानत. मीही तेच मानत आले, म्हणून साधं विचारायलासुद्धा उठले नाही.